चिपड

"काऊन बे, तोंड धुतलं नाही का?" तळेगावच्या (श्यामजी पंत) फाट्यावर सकाळी आर्वीच्या गाडीची वाट पाहणाऱ्या पोराला असं कुणीही हटकतं. बदनामी पोराची होते, करणी चिपडाची.

स्वारी यायची ती पहाटे. दिवसभर आपण मिनिटाला पंधरा-वीसदा पापण्या मिटतो, आणि डोळ्यातली धूळ, चिकटा पाण्याबरोबर नाकाकडे निघून जातो. झोपेत ही झाडलोट बंद. उरलेलं कोपऱ्यात वाळतं. तेवढ्यापुरतं चिपड सज्जन आहे. पाण्याचा एक हबका, की गेलं.

पुसलं तरी तासाभरात परत हजर, असं आठ-आठ दिवस चाललं, की घरात निदान ठरलेलं: "गरमी झाली." मग गुलाबपाणी, मध, एरंडेल. चिपड त्याला भीक घालत नाही. पाणीदार असेल, डोळे लाल असतील आणि घरात एकामागून एक सगळ्यांचे डोळे येत असतील, तर ती साथ. २०२३च्या जुलै-ऑगस्टमध्ये राज्यभर होती तशी. पांढरी तार सुटते आणि खाज थांबत नाही, ते वावडं. घट्ट पिवळं, पापण्या चिकटवून टाकणारं, ते बहुधा जिवाणूंचं. पापणीच्या मुळाशी कोंडा दिसला, तर पापणीची कड सुजलेली असते, कडेच्या तेलग्रंथीही अनेकदा तुंबलेल्या असतात. रोज कोमट शेक द्यावा, कड पुसावी. गंमत म्हणजे कोरडा डोळाही चिपडतो. एके काळची धनीण खुपरी (ट्रॅकोमा) मात्र आता थकली. जागतिक आरोग्य संघटनेने २०२४च्या ऑक्टोबरमध्ये भारतातलं तिचं सार्वजनिक आरोग्यावरचं संकट संपल्याचं मान्य केलं.

सगळ्यांत चिवट ते लासरूचं. एकच डोळा महिनोन् महिने गळतो, बाई पदराने टिपत राहते. हे दुखणं चाळिशीनंतरच्या बायांत जास्त. नाकाकडच्या कोपऱ्यात अश्रूंची पिशवी असते. तिथून नाकात उतरणारी नळी बुजली, की मोरी तुंबावी तसं पाणी आतच कुजतं. डॉक्टर त्या जागी बोट दाबतात आणि कोपऱ्यातून पू वर येतो. ड्रॉप्सने तेवढ्यापुरतं थांबतं. वाट मोकळी करायला ऑपरेशनच लागतं. तान्ह्या बाळाची नळी जन्मतः बंद असली, तर ती बहुतेक वेळा वर्षाच्या आत आपोआप उघडते. डॉक्टरांकडून शिकून तिथे मालिश करावी, काजळ घालू नये.

सोयाबीन काढताना कुटाराचा कण डोळ्यात गेला आणि मागून चिपड आलं, तर ते साधं समजू नये. डोळा ठणकतो, उजेड सोसत नाही, बुबुळावर पांढरा ठिपका दिसतो. बुरशी असू शकते. अशा वेळी मेडिकलातून आणलेले किंवा मागचे उरलेले स्टिरॉइडचे ड्रॉप्स टाकले, की लाली उतरते, माणूस खूश होतो आणि आत बुरशी फोफावते. डोळ्यात फूल पडतं ते असंच. त्याच दिवशी आर्वी, नाहीतर सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय गाठावं. काही टाकलं असेल तर ती बाटली खिशात घ्यावी. डॉक्टर आधी तीच मागतात.