पथ्य किनाऱ्यावर ठेवू नका

मुंबई बंदरातून लक्षद्वीपकडे निघालेले आलिशान जहाज किनारा सोडते आणि ‘सर्व काही तिकिटात’ या शब्दांनी मन निश्चिंत होते. वाचकहो, जहाजावरील डॉक्टरांचे उपचार मात्र त्यात सहसा नसतात आणि भर समुद्रात रुग्णालय कित्येक तास दूर असते. म्हणून जुन्या आजारांनाही संरक्षण देणारा प्रवासविमा उतरवावा. मोठी बॅग खोलीत उशिरा पोहोचते. औषधे हातातील पिशवीतच ठेवावीत. खोली खालच्या मजल्यावर, जहाजाच्या मध्यभागी घ्यावी. तेथे हेलकावे कमी जाणवतात. मळमळीची गोळी परस्पर घेऊ नये. काही गोळ्यांनी ज्येष्ठांना गुंगी येते, तोल जातो. बुफेपूर्वी हात साबणानेच धुवावेत. नोरोव्हायरसवर सॅनिटायझर अपुरा ठरतो. सागर डोळे भरून पाहावा; पथ्य मात्र किनाऱ्यावर ठेवून जाऊ नये.