निर्मळच्या वाटेवरचे दोन खोल्यांचे घर

गेले वर्षभर आमच्या घरात घराखेरीज दुसरा विषय नाही. गोरेगावात आम्ही अकरा वर्षे भाड्याने राहत आहोत, म्हणजे नेमके सांगायचे तर चार वेगवेगळ्या घरांत. दर अकरा महिन्यांनी करार नवा होतो, भाडे वाढते, आणि दोन-तीन करार झाले की मालकाला घर विकायचे असते किंवा त्याच्या मुलाचे लग्न ठरते. आमच्या पुस्तकांची दोन खोकी गेल्या दोन घरांत उघडली गेलेलीच नाहीत. आमच्यापैकी एकजण कनिष्ठ महाविद्यालयात कायम नोकरीत आहे. दुसरा तासिका तत्त्वावर मराठी शिकवतो, आणि त्याचे मानधन वर्षातून दोनदा आले तर त्या वर्षाला बरे वर्ष म्हणायची आमच्यात पद्धत आहे. सोबत नववीतली मुलगी आणि गुडघे दुखणारी आई. या जमाखर्चात मुंबईत घर बसत नाही. ते बसते नालासोपाऱ्यात.

एजंटाने दाखवलेले घर नालासोपारा पश्चिमेला, सोपारा ओलांडून गास-निर्मळकडे जाणाऱ्या रस्त्याच्या आसपास होते. दोन खोल्या, स्वयंपाकघर, चौथा मजला, किंमत पस्तीस लाख. खिडकीतून समोर दुसऱ्या इमारतीची खिडकी दिसत होती, आणि दोन्ही इमारतींच्या फटीतून हिरव्याची एक उभी चीर. "तिकडे सगळी वाडी आहे साहेब, निर्मळपर्यंत," एजंट म्हणाला. त्याने ती चीर ज्या अभिमानाने दाखवली त्यावरून तिचेही दर चौरस फुटाला काही आकारले गेले असावे.

निर्मळ आम्हांला अपरिचित नव्हते. २०२४ च्या नोव्हेंबरात आम्ही तिथे यात्रेला गेलो होतो. कार्तिक वद्य एकादशीपासून तळ्याच्या काठाने दुकाने लागतात. वर शंकराचार्यांच्या समाधीचे मंदिर, पलीकडे होली क्रॉस चर्च, आणि मधल्या रस्त्यावर केळीच्या पानांत बांधलेली सुकेळी, खाजी, मातीची भांडी, मुलांचे पाळणे. विमलासुराची आणि परशुरामाची कथा सांगणारी माणसे आणि रविवारच्या मिस्सेला जाणारी माणसे एकाच दुकानापुढे घासाघीस करत होती. वाड्यांतून सोनचाफ्याचा वास येत होता. आमच्या मुलीने विचारले, "आपण इथेच का नाही राहत?" त्या दिवसापासून ही चर्चा गणिताच्या पलीकडे गेली. मराठीच्या प्राध्यापकाला गाव आवडले की त्याचे काही खरे नसते, हे आमच्या विद्यार्थ्यांना आता सांगायला हरकत नाही.

दुसऱ्यांदा आम्ही गेलो ते २०२५ च्या मे महिन्यात. आमचे एक सहकारी जन्माने त्याच पट्ट्यातले, सामवेदी ख्रिस्ती, म्हणजे कुपारी. त्यांनी आम्हांला आपल्या वाडीत नेले. केळी, अळू, पानवेलींचा जुना मांडव, आणि वाडीच्या टोकाला एक उथळ खड्डा, ज्यात प्लास्टिक आणि जलपर्णी होती. "हे बावखल," ते म्हणाले. शब्द आम्ही पूर्वी वाचला होता, वस्तू प्रथमच पाहत होतो. पावसाचे पाणी साठवून ते हळूहळू जमिनीत मुरवणारा हा घरगुती तलाव. विहिरीला पाणी राहायचे ते त्याच्या जोरावर. कित्येक बावखले बुजवली गेली, कारण सातबाऱ्यावर ती जमीन दिसते आणि जमिनीला भाव असतो.

त्यांनी समजावून सांगितलेली गोष्ट साधी आहे, पण आम्हांला ती पन्नाशीकडे झुकताना कळली. हा पट्टा समुद्रालगतच्या वाळूचा. इथल्या गोड्या पाण्याला खडकाचा आधार नाही. पावसाचे मुरलेले पाणी खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत असते, कारण ते हलके. बैलाच्या रहाटाने जेवढे उपसले जाई तेवढे पुढचा पाऊस भरून काढत असे. पुढे पंप आले, बोअरवेल आल्या, आणि शहरात इमारती उभ्या राहू लागल्यावर याच विहिरींचे पाणी टँकरने तिकडे जाऊ लागले. वरचा थर पातळ झाला की खालचे खारे पाणी वर सरकते. मग विहीर आटत नाही. ती भरलेलीच दिसते, फक्त तिचे पाणी केळीला चालत नाही.

वाळवंट म्हणताच आमच्या डोळ्यांपुढे राजस्थान येते. पण समुद्रकाठच्या वाळूवर, वर्षाला भरपूर पाऊस घेणाऱ्या मुलखातही वाळवंट तयार करता येते, हे त्या भरलेल्या विहिरीकडे पाहताना उमगले. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या एका पुस्तकाचे नाव 'ओॲसिसच्या शोधात' असे आहे. ते पुस्तक प्रवासाचे आहे, परंतु ज्या माणसाने ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस हरित वसई संरक्षण समितीतून शेतजमिनी बांधकामाला खुल्या करण्याविरुद्ध आणि टँकरच्या उपशाविरुद्ध लढा उभारला, त्याने हा शब्द निवडावा यात आम्हांला आता निव्वळ योगायोग वाटत नाही. दिब्रिटो निर्मळशेजारच्या नंदाखालचे. २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून आम्ही त्यांना ओळखत होतो. जुलै २०२४ मध्ये ते गेले तेव्हा आम्ही वर्गात त्यांच्या गद्याविषयी बोललो. विहिरींविषयी बोललो नाही.

लढ्यानंतरही शहर वाढायचे थांबले नाही. १९९० साली सिडकोची इथे विशेष नियोजन प्राधिकरण म्हणून नेमणूक झाली, २००९ साली वसई-विरार महानगरपालिका आली, आणि गावांना महापालिकेत राहायचे की नाही यावरून मोठे आंदोलन झाले. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या १२ लाखांवर गेली होती, आणि त्यानंतरच्या भरतीचा हिशेब कोणत्याही सकाळी नालासोपारा स्थानकावर उभे राहून घेता येतो. आमच्यापैकी एकाने तो प्रयोग केला. सकाळी साडेसातला पहिल्या दोन गाड्या सोडल्यानंतर तिसरीत पाय ठेवायला मिळाला. बोरिवलीला उतरणाऱ्याने विरार गाडीत चढू नये, हा अलिखित नियम त्या दिवशी दुसऱ्या बाजूने कळला. इतकी वर्षे आम्ही त्या गाडीतल्या लोकांना उर्मट म्हणत आलो होतो.

आता कागदपत्रांविषयी. एजंटाने एका प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये सगळे ठेवले होते: सातबारा, बिनशेतीचा आदेश, बांधकाम परवानगी, घरपट्टीच्या पावत्या. भोगवटा दाखला नव्हता. "प्रोसेसमध्ये आहे," असे उत्तर मिळाले. इमारतीत माणसे सहा वर्षे राहत होती. कर्जाविषयी विचारल्यावर त्याने राष्ट्रीयीकृत बँकांची नावे न घेता भलत्याच एका संस्थेचे नाव सुचवले. साहित्याच्या विद्यार्थ्याला संहितेतले गाळलेले वाचायची सवय असते म्हणतात, पण पस्तीस लाखांत घर समोर असताना तीही दगा देते. दोन दिवस आम्ही एकमेकांना समजावत होतो की सगळीकडे असेच असते.

वस्तुतः समजून घेण्यासाठी फार लांब जायला नको होते. नालासोपारा पूर्वेला, अग्रवाल नगरी परिसरातल्या ४१ इमारती उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २०२४ च्या अखेरीपासून २०२५ च्या आरंभापर्यंत पाडण्यात आल्या. ती जमीन सांडपाणी प्रक्रिया केंद्रासाठी आणि कचराभूमीसाठी राखीव होती. सुमारे अडीच हजार कुटुंबे बाहेर पडली. त्यांनीही कुणाच्या तरी फोल्डरमधले कागद पाहिले असणार. घरपट्टीची पावती म्हणजे बांधकामाची परवानगी नव्हे, हे त्यांना घर पडताना कळले. मग २०२५ च्या ऑगस्टात विरार पूर्वेला, विजयनगर भागात, रमाबाई अपार्टमेंट ही अनधिकृत इमारत मध्यरात्री शेजारच्या चाळीवर कोसळली आणि १७ माणसे मेली. वर्षाच्या एका बाळाचा वाढदिवस होता. त्या सकाळी एजंटाचा फोन आला, तो दुसऱ्याच कारणाने. आम्ही तो उचलला नाही.

इथे निबंध संपायला हरकत नव्हती. घर बेकायदा असण्याचा संभव, म्हणून नकार. परंतु खरी अडचण याच्या पुढे सुरू झाली. त्याच परिसरात एक जुनी, भोगवटा दाखला असलेली इमारत मिळाली. घर थोडे लहान, तिसरा मजला, किंमत बेचाळीस लाख. बँकेच्या वकिलाने कागद पाहून होकार दिला. म्हणजे आता नकार द्यायचा तर तो आमचा असणार होता, कायद्याचा नव्हे.

आमच्यापैकी एकाचे म्हणणे होते की आपण तिथे जाणे म्हणजे त्या बावखलात एक घमेले माती टाकणे. निर्मळ आवडले म्हणून आपण निर्मळच्या वाटेवर राहायला जाणार, आपल्या नळासाठी उन्हाळ्यात टँकर येणार, आणि तो कुठून भरला हे आपण विचारणार नाही. दुसऱ्याचे म्हणणे होते की ही चैन भाडेकरूला परवडत नाही. वाडी राखण्याची जबाबदारी मुंबईतल्या मालकांवर कुणी टाकत नाही. ज्यांना शहराने बाहेर ढकलले त्यांनाच ती का विचारायची? 'बटाट्याची चाळ' वाचून पिढ्यांनी उसासे टाकले, पण चाळ गेल्यावर चाळकरी कुठे गेले हे मराठी साहित्याने क्वचितच पाहिले. ते डोंबिवलीला गेले, नालासोपाऱ्याला गेले, आणि तिथे आधी कोण राहत होते हे त्यांना ठाऊक नव्हते. आगरी, कुपारी, वाडवळ, आदिवासी यांच्या भूमीवर आमच्या मध्यमवर्गाचे हे दुसरे घर उभे आहे, आणि आमच्या कथा-कादंबऱ्यांत ही माणसे बहुधा भाजीवाली किंवा फुलवाला म्हणून येतात. लाल लुगडे नेसून पहिल्या गाडीने पाट्या घेऊन येणारी वसईवाली आम्हीही वर्णनासाठी वापरली आहे, एका जुन्या ललित लेखात.

हे सगळे आम्ही आमच्या कुपारी सहकाऱ्यांना सांगितले. ते शांतपणे ऐकून घेत होते. मग म्हणाले, "सर, माझ्या चुलत्यानेच दोन वाड्या विकल्या. मुलगी नर्स झाली, मुलगा परदेशी गेला. वाडीत राबायला कोण? तुम्हांला हिरवे दिसते, आम्हांला त्यात कंबर दिसते." थोड्या वेळाने पुढे म्हणाले, "यायचे तर या. पण मे महिन्यात आणि जुलैत बघून मग घ्या. नोव्हेंबरात सगळ्यांनाच निर्मळ आवडते."

'कंबर' हा शब्द आमच्या मनातून गेला नाही. आम्ही वाडीकडे दृश्य म्हणून पाहत होतो आणि अपराधही दृश्यासंबंधीच वाटून घेत होतो. त्यांच्या लेखी तो पाण्याचा, श्रमाचा आणि वारसांचा प्रश्न होता. आमच्या नकाराने त्यांच्या चुलत्याची वाडी परत येणार नव्हती, आणि आमच्या होकाराने शहर बुडणार नव्हते. तरीही दोन्हींत काही फरक होता, आणि तो आम्ही तिथे कसे राहतो यात असू शकत होता.

जुलैचा संदर्भ आम्हांला लगेच कळला होता. २०१८ च्या जुलैत वसई-विरार कित्येक दिवस पाण्यात होते, रेल्वे बंद होती, मिठागरांतली माणसे अडकली होती. जे पाणी मुरायला जागा राहिली नाही ते रस्त्यावर आले, आणि मे महिन्यात हवे असलेले हेच ते पाणी. २०२३ साली सूर्या प्रकल्पाच्या नव्या योजनेचे पाणी शहराला मिळू लागले, ते धरण जिल्ह्यातल्या आदिवासी पट्ट्यात आहे. म्हणजे टँकर कमी झाले तरी आमचा नळ कुणाच्या तरी अंगणातूनच येणार.

परतताना आम्ही सोपाऱ्याच्या स्तूपापाशी थांबलो. स्थानिक लोक ज्याला बुरूड राजाचा कोट म्हणत, ते टेकाड भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ साली उकरले आणि आतून करंडक व बुद्धमूर्ती निघाल्या. शूर्पारक हे एके काळी पश्चिम किनाऱ्याचे मोठे बंदर. खाडी गाळाने भरत गेली आणि बंदर मागे पडले. चारी बाजूंनी इमारती, मध्ये तो विटांचा ढीग, आणि कुंपणाशी क्रिकेट खेळणारी मुले. चेंडू आत गेला की एकजण कुंपणावरून उडी मारून आणत होता. आमच्या मुलीने त्यांना विचारले, पाणी रोज येते का? एकाने बोटांवर वार मोजून दाखवले.

तूर्तास आमचा निर्णय असा आहे. घर विकत घ्यायचे नाही. त्याच जुन्या इमारतीत अकरा महिने भाड्याने राहायचे. भाडे गोरेगावच्या निम्म्याहून कमी आहे. कराराची तारीख आम्ही मुद्दाम अशी मागून घेतली आहे की त्यात एक मे आणि एक जुलै पुरता बसेल. सोसायटीच्या सचिवांना आम्ही दोन प्रश्न विचारले: टँकर आला तर कुठून येतो, आणि गच्चीवरचे पावसाचे पाणी कुठे जाते. पहिल्याचे उत्तर त्यांना माहीत नव्हते. दुसऱ्याला ते म्हणाले, "गटारात. का?" आवारात एक जुनी विहीर आहे, वर लोखंडी झाकण आणि झाकणावर तुटक्या कुंड्या. ते झाकण उघडून पाहता येईल का, असे आम्ही विचारले आहे. पुढच्या सभेत विषय घेऊ, असे उत्तर आले.

पुस्तकांची ती दोन खोकी या वेळीही न उघडताच जातील. अकरा महिन्यांसाठी कशाला, असे आई म्हणाली.