वजाबाकीनंतर उरणारी हवा

जमिनीपासून 400 किलोमीटर उंचीवर एका घन किलोमीटरातली सगळी हवा गोळा केली, तर ती जेमतेम काही ग्रॅम भरेल. तरीही सेकंदाला साडेसात किलोमीटर वेगाने धावणाऱ्या उपग्रहाला ती सतत मागे रेटते. 2000 साली सोडलेल्या जर्मनीच्या चॅम्प उपग्रहातला फ्रेंच बनावटीचा अॅक्सिलरोमीटर हा रेटा टिपत असे. यंत्राच्या पोकळीत एक लहानसा ठोकळा विद्युत बलाने अधांतरी धरलेला असतो. गुरुत्वाकर्षण उपग्रहाला आणि ठोकळ्याला सारखंच खेचतं; हवा मात्र फक्त उपग्रहाच्या कवचावर आदळते, आणि ठोकळा मध्यावर राखायला किती बल लागलं त्यावरून तिचा रेटा कळतो. इथवर सगळं मोजमाप आहे. हवेची घनता मात्र मोजलेली नसते, हिशेबाने काढलेली असते, आणि या कामातल्या आम्ही मंडळींनी हे अधिक ठळकपणे सांगायला हवं.

नोंदीतून सूर्यप्रकाशाचा आणि पृथ्वीवरून परतणाऱ्या प्रकाश-उष्णतेचा दाब वजा करावा लागतो. यंत्राचा शून्यबिंदूही सरकत असतो; जीपीएसने मिळालेल्या कक्षेशी ताडून तो बसवावा लागतो. खरी अडचण त्यापुढे, उरलेल्या रेट्यावरून घनता काढायला लागणाऱ्या ड्रॅगच्या (हवेच्या रोधाच्या) गुणांकात. आदळलेला रेणू आरशावरच्या किरणासारखा उसळतो की पृष्ठभागाचं तापमान घेऊन मंदावून निघतो, यावर तो ठरतो. चॅम्प, ग्रेस, गोचे, स्वार्म या उपग्रहांच्या आकारांची अधिक बारकाईची प्रारूपं वापरून जुना हिशेब पुन्हा मांडला गेला, तेव्हा मूळ नोंदी त्याच राहिल्या, घनता बदलली.

कक्षेचं भाकीत करणारे म्हणतील, आम्हाला घनता आणि गुणांक या दोहोंचा गुणाकारच पुरतो. त्याच उपग्रहापुरतं हे खरं आहे. दुसऱ्या आकाराच्या उपग्रहाला तो गुणाकार लागू होत नाही. शिवाय उंचावर अणुरूप ऑक्सिजनची जागा हेलियम घेऊ लागला की गुणांकच बदलतो. मग कक्षा किती खालावली त्यावरूनच घनता का काढू नये? स्पुटनिकपासून तशी काढतातच, पण ती अनेक प्रदक्षिणांची सरासरी असते. गुणांकाचा प्रश्न तिथेही सुटत नाही, आणि ध्रुवप्रदेशातल्या चुंबकीय कस्पजवळ (पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातल्या नरसाळ्यासारख्या फटीजवळ) चॅम्पला सापडलेला घनतेचा फुगवटा अशा सरासरीत विरून जातो. तो फुगवटा ओलांडताना गुणांक फारसा बदलत नाही, म्हणून त्याच्या असण्याबद्दल मला शंका नाही. तिथे नेमकी किती हवा वर आली, हे सांगायचं तर मात्र रेणू कवचावरून कसा परततो, हे आधी ठरवावं लागतं.