आबांची ड्युटी

फुकुओका,
रविवार रात्र

ती. सौ. वहिनींस,


दादाचा फोन आला होता. आबा पुन्हा दुपारी चारला निघाले आणि थेट कराड स्टँडवर पोचले. खांद्याला कंडक्टरची जुनी बॅग, आणि हातात काही नसतानाही अंगठा तिकिटाचा चिमटा दाबल्यासारखा हलत होता म्हणे. तुम्ही म्हणालात, "माझाच डोळा लागला." ते मनातून जात नाही, म्हणून लिहितोय.

इथली, जपानातलीच एक गोष्ट. २००७ साली आइची प्रांतात स्मृतिभ्रंश झालेले ९१ वर्षांचे आजोबा घराबाहेर पडले आणि रेल्वेखाली सापडले. ८५ वर्षांच्या आजींना जरा डुलकी लागली होती, तेवढ्यात. गाड्या खोळंबल्या म्हणून रेल्वे कंपनीने घरच्यांकडे भरपाई मागितली. खालच्या कोर्टांनी ती द्यायलाही लावली. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आजींना आणि मुलाला मोकळं केलं. तुम्हीही स्वतःवर लावलेला खटला काढून घ्या.

इथून दक्षिणेला ओमुता आहे, जुनं कोळसाखाणीचं गाव. १९९७ ला खाण बंद पडली, तरुण पोटामागे गेले, म्हातारे राहिले. २००४ पासून तिथे एक तालीम होते. कुणीतरी वाट चुकलेल्या आजोबांचं सोंग घेऊन रस्त्याने फिरतं. त्यांच्या वर्णनाची खबर मोबाइलवर जाते आणि दुकानदार, शाळकरी पोरं, शेजारीपाजारी त्यांना गाठून बोलतं करतात. माणूस दिसतो पटकन; जड जातं ते अनोळख्याला हाक मारणं. सराव त्याचाच. दचकवायचं नाही, घाई करायची नाही, मान दुखवायचा नाही.

आधी त्या गावाचं ब्रीद होतं, 'बिनघोर भटकता येईल असं गाव'. २०१५ मध्ये त्यांनी 'भटकणं' हा शब्दच तालमीतून काढला. का, तर माणूस उगाच भटकत नाही, त्याला कुठेतरी जायचं असतं. मी चपापलो. 'आबा भटकतात' असं सगळ्यात जास्त मीच म्हणतो. इतक्या लांबून म्हणायला माझं काय जातंय! आबा तर वेळेवर ड्युटीला निघतात.

दादा दाराला उंच कडी बसवतोय. बसवू दे, तुम्हाला घटकाभर पाठ टेकायला हवी, मी इथून शहाणपण शिकवत नाही. पण आबांचं हे आजारपण आपण गल्लीपासून लपवलंय, ते आता पुरे. त्यांच्या शर्टांना आतून दादाचा नंबर शिवा. चहावाला, रिक्षावाले, स्टँडवरचे कंट्रोलर, सगळ्यांना सांगून ठेवा. आणि हेही सांगा, की आबांना हटकू नका, दंडाला धरू नका. एवढंच म्हणा, "आबा, गाडी लेट आहे. बसा, चहा घ्या."

चहा संपेस्तोवर दादा पोचेल.

तुमचा,
धाकटा दीर