बूड टेकणं आणि पकड

ड्रॅग रेसच्या पट्टीवर हिरवा दिवा लागतो, जुन्या शेव्हरले शेव्हेलचं नाक वर उचलतं, मागचं बूड खाली बसतं आणि कठड्यापाशी उभे असलेले लोक खूश होतात. गाडीनं मागे बैठक मारली म्हणजे सगळं वजन मागच्या चाकांवर आलं, असा बहुतेकांचा समज असतो. मागचं सस्पेन्शन बसवणारा जाणता कारागीर त्या वेळी मागचं चाक आणि मडगार्डची कड यांच्यातलं अंतर बघत असतो. ते अंतर मिटत गेलं, तर गाडीत अजून काम बाकी आहे हे त्याला कळतं.

वजन मागे येतं ते गाडी वेग घेते म्हणून. किती येणार याचा हिशेबही साधा आहे. 1600 किलोची गाडी, गुरुत्वमध्य जमिनीपासून अर्ध्या मीटरवर, पुढच्या आणि मागच्या चाकांत 2.85 मीटर अंतर. अशी गाडी 1 जीच्या त्वरणानं सुटली, तर सुमारे 280 किलो भार पुढच्या चाकांवरून मागच्या चाकांवर जातो. स्प्रिंग कडक घातली काय नि मऊ घातली काय, या आकड्यात फारसा फरक पडत नाही. फरक पडतो तो हा भार टायरपर्यंत कोणत्या वाटेनं आणि किती लवकर पोचतो यात. स्प्रिंगच्या वाटेनं गेला तर आधी स्प्रिंग दबायला हवी, त्यात वेळ जातो. अॅक्सल आणि सांगाडा जोडणाऱ्या आर्मच्या वाटेनं गेला तर तत्क्षणी पोचतो. या कामातलं सगळं कसब त्या दुसऱ्या वाटेत आहे.

आणि वेळ तर हातात नसतोच. पाव मैल म्हणजे 402 मीटर, पण शर्यतवाल्यांची नजर पहिली जाते ती वेळ छापलेल्या चिठ्ठीवरच्या पहिल्या 60 फुटांच्या आकड्यावर. रस्त्याच्या टायरवरची जुनी गाडी तिथं दोन सेकंदांहून जास्त घेते. स्लिक टायर घातलेली, नीट बसवलेली गाडी दीडच्या आसपास येते. तिथं एक दशांश सेकंद वाचला, तर शेवटाला साधारण दीड दशांश वाचतो, असा सगळ्यांचा अनुभव आहे. इंजिनमधून तेवढंच मिळवायचं तर खिसा बराच हलका होतो.

वजन मागे नेण्याचा हा हिशेब फार आधी अमलात आणला तो डेट्रॉइटच्या रॅमचार्जर्सनी. क्रायस्लर कंपनीतल्या तरुण इंजिनिअरांचा हा गट. त्यांनी 1949 सालची प्लिमथ कूपे घेतली आणि गुरुत्वमध्य उंच जावा म्हणून ती इतकी वर उचलली, की तिचं नावच ‘हाय अँड मायटी’ पडलं. 1959 मध्ये डेट्रॉइटला झालेल्या एनएचआरए या ड्रॅग रेस संघटनेच्या राष्ट्रीय शर्यतीत ती धावली. पुढे 1965 मध्ये क्रायस्लरनं काही डॉज आणि प्लिमथ गाड्यांचा मागचा अॅक्सल 15 इंच आणि पुढचा 10 इंच पुढे सरकवला. त्या विचित्र दिसणाऱ्या गाड्यांवरूनच ‘फनी कार’ हे नाव रुळलं.

घरच्या शेडमध्ये 1970 ची शेव्हेल घेऊन बसलेल्या माणसाला अॅक्सल सरकवता येत नाही. त्याच्या हातात चार आर्म असतात: दोन खालचे, जवळजवळ सरळ, दोन वरचे, वरून पाहिलं तर तिरके, कारण अॅक्सलला डावी-उजवीकडे जाऊ न देण्याचं कामही त्यांचंच. जनरल मोटर्सच्या 1964 ते 1972 च्या ए-बॉडी गाड्यांत, म्हणजे शेव्हेल, पाँटियाक जीटीओ, ओल्ड्समोबिल 442, ब्यूक स्कायलार्क या सगळ्यांत, हीच रचना आहे. गाडीच्या बाजूला उभं राहून वरच्या आणि खालच्या आर्मच्या रेषा मनानं पुढे वाढवायच्या. त्या जिथं मिळतात तिथं कुठलाच सुटा भाग नसतो, पण अॅक्सल गाडीला ढकलतो तो जणू त्याच बिंदूतून. शेतकरी इसाडावर जू पुढेमागे सरकवून नांगर खोल किंवा उथळ धरतो, तसंच हे. वरच्या आर्मचं मागचं टोक काही सेंटीमीटर उचललं, की रेषा लवकर मिळतात, बिंदू मागे येतो आणि गाडीचं बूड बसायच्या ऐवजी वर उठू लागतं. बॉडी वर उठली की टायर तितक्याच जोरानं खाली दाबला जातो. अॅक्सलवरच्या कानांना बोल्टनं लागणाऱ्या ‘नो-हॉप’ ब्रॅकेटनी नेमकं हेच साधतं.

फार उचललं तर मात्र टायरला एकच दणका बसतो, पुढच्याच क्षणी भार सुटतो आणि चाकं जागच्या जागी फिरतात. म्हणून शॉकअपच्या दांडीवर प्लास्टिकचा टाय घट्ट बांधायचा. एका धावेनंतर तो कुठं सरकलाय, यावरून बॉडी किती हलली ते मिलिमीटरमध्ये कळतं. टायरच्या कडेवर आणि रिमवर पांढऱ्या बूटपॉलिशची एकच आडवी रेघ ओढायची. धावेनंतर तिचे दोन तुकडे दिसले, तर टायर रिमवरच घसरलाय.

त्याआधी आर्मच्या टोकांचे बुश बघावेत. पन्नासहून अधिक वर्षांचं रबर भेगाळलेलं असतं. उत्साही माणूस चारही आर्मना कडक पॉलियुरेथेन बुश घालतो आणि इथंच फसतो, कारण तिरक्या आर्मच्या रचनेत अॅक्सल वर-खाली होताना प्रत्येक आर्मला थोडं पिळावं लागतं. कडक बुश ते पिळणं अडवतो, सस्पेन्शन आखडतं आणि शॉकअप कितीही बदलले तरी चिठ्ठीवरचा आकडा हलत नाही. गोलाकार सांध्याचे आर्म घ्यावेत. खडखड होते, ती सोसावी.

मागे कॉइलऐवजी पाट्यांच्या स्प्रिंग असलेल्या गाड्यांचं दुखणं निराळं. पीळ किती मोठा असतो ते आधी बघा. 1970 च्या शेव्हेलचं एलएस6 इंजिन 678 न्यूटन-मीटर पिळाचं. पहिला गिअर 2.20 आणि मागचं गुणोत्तर 4.10 धरलं, तर अॅक्सलवर 6100 न्यूटन-मीटर येतात. असा पीळ चाकांना पुढे फिरवतो तेव्हा अॅक्सलच्या हाउसिंगला उलटं फिरवू पाहतो. पिनियनचं नाक वर चढतं, पाटा इंग्रजी एस अक्षरासारखा वाकतो, झटक्यानं सरळ होतो आणि मागची चाकं जमिनीवर आपटू लागतात. 1967 च्या कॅमारोच्या एकेरी पाट्याला हे चांगलंच जडलं होतं. त्यावर उपाय म्हणून 1968 मध्ये शेव्हरलेनं एक शॉकअप अॅक्सलच्या पुढे आणि एक मागे लावला. क्रायस्लरनं अॅक्सल पाट्याच्या मध्याच्या पुढे बसवला होता, त्यामुळे पाट्याचा आखूड, ताठ पुढचा भाग आर्मचंच काम करतो. माझ्या मते त्या काळातलं कारखान्यातून आलेलं सगळ्यात शहाणं सस्पेन्शन तेच.

उजव्या चाकाचा प्रश्न मात्र सगळ्यांचाच आहे. प्रोपेलर शाफ्टचा पीळ डावं मागचं चाक दाबतो आणि उजवं उचलतो. म्हणून क्रायस्लरचे सुपर स्टॉक पाटे डावे-उजवे वेगळे होते, आणि शेव्हेलवाले उजव्या कॉइल स्प्रिंगमध्ये हवेची पिशवी घालून तिच्यात हवा थोडी जास्त ठेवतात. पट्टीवरच्या दोन काळ्या रेघा सारख्या उमटेपर्यंत ती कमीजास्त करत राहायचं.

यातला कोणताही बदल रस्त्यावर फुकट मिळत नाही. वरच्या आर्मचं जे टोक उचलल्यानं सुटताना पकड येते, तेच जोरात ब्रेक मारला की मागची चाकं उड्या मारायला लावतं. बोल्टचे ब्रॅकेट काढून गाडी मूळच्यासारखी करता येते. लॅडर बारसाठी, म्हणजे अॅक्सल धरणाऱ्या शिडीसारख्या दांड्यांसाठी, फ्लोअर कापला, की ते कायमचं. खऱ्या एलएस6 गाडीचा फ्लोअर कापणं हा गुन्हा आहे. कापायचीच असेल तर सहा सिलिंडरची मालिबू शोधावी. तिचा सांगाडा तोच, आर्म लावायच्या जागाही त्याच, आणि वर सांगितलेल्या शेव्हेलच्या बहुतेक वस्तू तिला बसतात.