गाणे आणि ध्वनिक्षेपक

साहित्याची पदवी घेऊन कायद्याकडे वळणाऱ्यांना एक प्रश्न हटकून विचारला जातो : मग इतकी वर्षे वाचलेल्या कवितेचे काय केले? आम्हा दोघी मैत्रिणींकडे याचे उत्तर नव्हते. मराठी घेऊन बी.ए., पुढे एलएल.बी., आणि मग आंतरराष्ट्रीय फौजदारी कायदा घेऊन एलएल.एम. अशी आमची वाटचाल. कविता मागे पडली असेच आम्ही धरून चाललो होतो. ती पुन्हा भेटली सिमॉन बिकिंडीच्या खटल्यात.

बिकिंडी हा रवांडातील लोकप्रिय गीतकार-गायक. १९९४ साली तिथे सुमारे शंभर दिवसांत लाखो तुत्सींची कत्तल झाली, तेव्हा त्याची गाणी 'आरटीएलएम' या नभोवाणी केंद्रावरून ऐकवली जात होती. १९४८ च्या वंशसंहारविरोधी करारानुसार वंशसंहाराची 'थेट व जाहीर चिथावणी' हा स्वतंत्र गुन्हा आहे. चिथावणीनंतर प्रत्यक्ष हत्या झालीच पाहिजे असे नाही. मात्र 'थेट' म्हणजे काय? अरुशाच्या न्यायाधिकरणाने १९९८ च्या अकायेसू निकालात सांगितले, की हे त्या त्या संस्कृतीच्या आणि भाषेच्या संदर्भातच ठरवावे लागेल. म्हणजे न्यायाधीशाने समीक्षकच व्हायचे!

वर्गातल्या अभिरूप न्यायालयात बचाव पक्ष आमच्याकडे आला. आम्हाला मनापासून आनंद झाला. गाण्यात अनेकार्थता असते, अर्थ ऐकणारा लावतो, कवीला त्यासाठी जबाबदार धरता येत नाही, असे सारे आम्ही बी.ए.च्या उत्तरपत्रिकांतून जणू उतरवून काढले. युक्तिवाद चांगलाच रंगला. तो संपल्यावर आमच्या प्राध्यापकांनी शांतपणे एवढेच विचारले, "अर्थ ऐकणाऱ्यांनी लावला, ठीक. पण ऐकणारे कोण होते, आणि त्यांच्या हातात काय होते?" आम्ही गप्प राहिलो. तोवर आमच्या युक्तिवादात मेलेले माणूस एकदाही आले नव्हते.

त्यानंतर आम्ही निकालपत्र पुन्हा, या वेळी सावकाश वाचले. २ डिसेंबर २००८ रोजी दिलेल्या या निकालात गाण्यांबद्दल बिकिंडीला दोषी धरलेले नाही. पण गाणी निरागस होती असेही न्यायालय म्हणत नाही. इतिहासाची मोडतोड करून हुतूंचे ऐक्य त्यांत गौरवले आहे, आणि १९९४ मध्ये प्रचारासाठी त्यांचा वापर झाला, हे ते मान्य करते. ती त्याआधीच रचलेली होती. रचताना हत्येला चिथावण्याचाच हेतू होता किंवा १९९४ मधील प्रसारणात बिकिंडीचा हात होता, हे मात्र सिद्ध झाले नाही. त्याला पंधरा वर्षांची शिक्षा झाली ती वेगळ्याच शब्दांसाठी. जून १९९४ च्या अखेरीस किवुमू-कायोवे रस्त्यावर, वाहनावरच्या ध्वनिक्षेपकातून त्याने तुत्सींना संपवण्याचे आवाहन केले होते. परतताना त्याने लोकांना विचारले, ते मारले का? तुत्सींसाठी त्याने वापरलेला शब्द होता 'साप'.

'साप' हे रूपकच. परीक्षेत आम्ही त्याला गुण मिळवले असते. त्या रस्त्यावर मात्र त्याला एकच अर्थ होता, आणि ऐकणाऱ्यांना तो कुणी समजावून सांगावा लागला नाही.

न्यायालयाने गाणे आणि ध्वनिक्षेपक यांत रेषा ओढली, ती आम्हाला आजही योग्य वाटते. संशयाचा फायदा कवीलाही मिळाला पाहिजे. नाहीतर उद्या कुठलेही सरकार कुठल्याही कवीला वंशसंहाराचा आरोपी करील. पण पुरावा नाही म्हणून सुटणे आणि निर्दोष असणे एक नव्हे. 'कवी जबाबदार नसतो' हे वाक्य आम्ही पूर्वी सहज लिहीत होतो. आता लिहिताना हात थबकतो.

मागे पडलेल्या कवितेचे काय केले, हा प्रश्न आजही येतो. आम्ही सांगतो, ती अजून वाचतो. फक्त ती कुणाला ऐकवली जात होती, हेही आता विचारतो.