बारोलो: मी बाजू का बदलली

बारोलो ही वाइन कशी मुरवावी या वादात मी बरीच वर्षं नव्या पिढीच्या बाजूने बोलत आलो. आज माझं मत तसं राहिलेलं नाही.

इटलीच्या वायव्येला, पिएमॉन्तेमधल्या लांगे टेकड्यांवर नेब्बिओलो द्राक्षापासून बारोलो होते. रंग फिका, पण तुरटपणा आणि आंबटपणा जबरदस्त. जुने लोक रस सालींसकट आठवडेच्या आठवडे मुरवत, मग ओकच्या हजारो लिटरच्या पिंपांत वर्षानुवर्षं ठेवत. १९८० च्या दशकात तरुणांनी ही रीत मोडली. साली थोडेच दिवस ठेवायच्या आणि वाइन २२५ लिटरच्या नव्या फ्रेंच पिंपांत भरायची. त्यांच्यातल्याच एलिओ आल्तारे यांनी तर १९८३ मध्ये वडिलांची जुनी पिंपं यांत्रिक करवतीने कापून काढली. मला ते बंड मनापासून पटलं होतं. गिऱ्हाइकाने दहा-दहा वर्षं वाट का पाहावी? नवी बारोलो लवकर मऊ झाली आणि जगभर पोहोचली. ते श्रेय त्यांचंच.

माझं मत फिरलं ते गावोगावच्या बाटल्या शेजारी ठेवून चाखताना. ला मोर्राची वाइन सुगंधी, नाजूक. काही किलोमीटरवरच्या सेर्रालुंगाची कणखर, सावकाश उलगडणारी. दोन्हीकडे द्राक्ष एकच, जमीन वेगळी. मोठ्या जुन्या पिंपातल्या वाइनमध्ये हा फरक लख्ख कळतो. छोट्या पिंपात दर लिटरमागे लाकडाचा स्पर्श जास्त, त्यात लाकूड नवं; मग दोन्ही गावांवर व्हॅनिला आणि भाजक्या लाकडाचा तोच वास चढतो. जुन्या रीतीने बारोलो बनवणारे बार्तोलो मास्कारेल्लो छोट्या पिंपांना अखेरपर्यंत विरोध करत राहिले, लेबलवरही त्यांनी तसं लिहिलं. मला तो हट्ट वाटे. आता त्यातली जमिनीची कळकळ दिसते. नव्या पिढीतले कितीतरी जणही पुढे मोठ्या पिंपांकडे वळले.

बारोलो ३८ महिने मुरवावी, त्यातले १८ लाकडात, असा नियम आहे. पिंप केवढं असावं, हे मात्र बनवणाऱ्यावर सोडलेलं आहे. म्हणून माझं म्हणणं स्पष्ट सांगतो: पिंप मोठं असू द्या. ज्याला आजच प्यायची आहे त्याच्यासाठी याच टेकड्यांवर दोल्चेत्तो द्राक्षाची वाइन आहे, बार्बेराची आहे, आणि दोन्ही उत्तम आहेत. नेब्बिओलोला तिचा वेळ मिळायलाच हवा.